कुंपणाअलीकडचे टोमॅटो

नागावला आमच्या घराला लागून माझ्या चुलत दिरांची वाडी आहे. पूर्वी तिथे नुसती नारळ-पोफळ होती. आता मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठी खोल्या आहेत आणि मधोमध निळ्या फरश्यांचा पोहायचा तलाव आहे. त्या तलावासाठी त्यांनी आमच्या कुंपणालगत बोअर मारली. पुढच्याच उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. इथे गोडं पाणी फार उपसलं की समुद्र आत सरकतो, हे किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. दिरांनाही लागत नव्हतं.

माझं परस करपलं. मुळा, लाल माठ, अळू, सगळ्यांच्या पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या, मग ती झाडं बसलीच. मी सांगायला गेले तर दीर त्यांच्या पाहुण्यांसमोर हसून म्हणाले, "वहिनी, समुद्रकाठी राहायचं आणि खाऱ्या पाण्याची तक्रार करायची?" पाहुणेही हसले.

घरी आल्यावर हे म्हणाले, "जाऊ दे, आपलीच माणसं आहेत."

पण ते हसू माझ्या कानातून गेलं नाही.

पावसाळा संपताना मी रंगवाल्याकडून रिकामे डबे आणले. तापवलेल्या सळईने त्यांच्या बुडाला भोकं पाडली, तळाशी नारळाची सोडणं घातली, वर आमच्या आवारातली कुजलेली पानं, शेणखत आणि लांबून आणवलेली माती. त्यात टोमॅटोची रोपं लावली आणि डबे कुंपणालगत मांडले. विहिरीचा थेंबही त्यांना दिला नाही. नळाला पाणी येईल तेव्हा साठवायचं, तांदूळ धुतलेलं पाणी ओतायचं, काठीला जुन्या साडीच्या चिंध्यांनी खोड बांधायचं. बगलेतले फुटवे खुडताना मी मनातल्या मनात दिरांशी भांडत असे. रोज नवं भांडण. त्यामुळे असेल, पण त्या झाडांकडे माझं एकदाही दुर्लक्ष झालं नाही. थंडी पडली तेव्हा ती फळांनी वाकली होती.

मग फळं नाहीशी होऊ लागली. मला वाटलं, माकडं. एका सकाळी मी न्हाणीघरात होते आणि कुंपणापाशी दिरांचा आवाज आला. पाहुण्यांना ते सांगत होते, "हे आमचं किचन गार्डन. हवे तेवढे तोडा, सगळं ऑर्गॅनिक आहे." मी बाहेर येईपर्यंत एक बाई तारेवरून हात घालून पिकलेला टोमॅटो तोडत होती.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं. दीर म्हणाले, "चार टोमॅटोंनी काय होतंय वहिनी? त्यांना बरं वाटतं."

माझं पाणी नेलं, आता माझी झाडंही त्यांचीच. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. फळांवर कडुलिंबाचा अर्क चोपडावा, असं आधी मनात आलं, पण तोंडं पाहुण्यांची कडू झाली असती. मला पाहुण्यांशी वैर नव्हतं.

पुढच्या शनिवारी मोठा गट उतरला. मी सकाळीच विहिरीचं पाणी उकळून, गाळून गार करत ठेवलं. दीर त्यांना कुंपणाशी घेऊन आले, तशी मी मधलं फाटक उघडलं.

"तारेवरून कशाला? या ना आत. ओटीवर बसा, गूळ-पाणी घ्या, मग निवांत तोडा."

सगळे आले. दीरही मागोमाग आले. मी प्रत्येकाला गुळाचा खडा आणि पेला दिला. एका तरुण मुलीने घोट घेतला आणि थांबली.

"काकू, यात मीठ पडलंय का?"

"नाही गं. विहिरीचंच आहे. पूर्वी गोडं होतं."

"मग आता असं का?"

"तुम्ही पोहता ना, तो तलाव कुंपणाशेजारच्या बोअरवर भरतो. त्यांना गोडं गेलं, आम्हाला हे उरलं. म्हणून मी ही झाडं डब्यात लावली. माझी आहेत. पलीकडे एकही नाही, हवं तर फिरून बघा."

सगळे दिरांकडे बघत होते. मी भरलेला पेला त्यांच्यासमोर धरला. "घ्या ना भाऊजी. तुम्हीच राहिलात."

नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी चेहरा न हलवता पेला संपवला. मी त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना बघत होते. इतकं समाधान मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

"गोड लागलं का?" मी विचारलं.

संध्याकाळी ते एकटे आले. पायरीवरूनच म्हणाले, "वहिनी, तुम्ही माझ्या धंद्यावर पाय दिलात."

"तुम्ही माझ्या विहिरीवर दिलात."

"आजपासून आपला संबंध संपला."

"बरं," मी म्हणाले.

त्या पाहुण्यांपैकी कुणीतरी इंटरनेटवर सगळं लिहिलं. आता तलावाला टँकर येतो. दिरांना पश्चात्ताप झाला असं मी मानत नाही, फक्त लाज वाटली. विहीर अजून मचूळच आहे. दर थंडीत त्यांच्याकडे पोपटी लागते. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरलेलं ते मडकं उघडताना आम्ही तिथे असायचोच. यंदा बोलावणं आलं नाही. वास आला. यांनी दोन वेळा कुंपणाकडे पाहिलं, ते मला बघवलं नाही. तरी मी केलं त्यात मला काही चुकलेलं वाटत नाही.

दिरांनी मग कुंपणाला उंच हिरवे पत्रे ठोकले. माझ्या झाडांचं सकाळचं ऊन गेलं. हेच त्यांना हवं होतं. पण जमिनीतली बाग अडवता येते, डब्यातली येत नाही. आम्ही दोघांनी एकेक डबा गच्चीवर चढवला. तिथे दिवसभर ऊन आहे, आणि तलावात पोहणाऱ्या प्रत्येकाला मान वर केली की माझे टोमॅटो दिसतात.

हे जिन्यात कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आता तरी पुरे ना?"

"ते दोन मोठे राहिलेत," मी म्हणाले. "ते तलावाकडच्या कठड्याशी ठेवायचेत."