शिंप्याच्या टेपनं मोजलेला चाकू

ती घटना मला आजही आठवते. मी विसरायचं म्हटलं तरी डाव्या हाताचा अंगठा विसरू देत नाही. थंडी पडली की तिथली आडवी खूण ठणकते आणि बायको विचारते, "काय, शस्त्रसाठा दुखून राह्यला का?"

निवृत्ती तोंडावर आली होती. आदिलाबाद जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. त्यातले बरेच जण अजून बाजारात भेटतात आणि भेटले की आधी माझ्या अंगठ्याकडे बघतात.

त्या वर्षी मला जंगलाचा नाद लागला. जंगल आमच्या ठाण्याच्या मागेच होतं, पण मला नाद लागला तो मोबाईलवरच्या जंगलाचा. तिथे एक जण ओल्या लाकडातून जाळ काढे, दुसरा पानांच्या अंथरुणावर झोपे. मी पलंगावर पडून शेंगदाणे खात खात हे सगळं शिकलो आणि एका रविवारी घरपोच चाकू मागवला. चाकू कसला, तलवारीचं पोर! काळं कुळकुळीत पातं, पाठीला करवतीचे दात, पोकळ मूठ, मुठीच्या टोपणात होकायंत्र, आत काडेपेटीच्या काड्या आणि मासे धरायचा गळ. हा चाकू मी सरकारी जीपमध्ये ठेवत असे आणि ज्याला दाखवता येईल त्याला दाखवत असे.

आमच्या हेड कॉन्स्टेबलना सगळे हेडसाब म्हणत. त्यांनी होकायंत्र हातात घेऊन चारही बाजूंना फिरवलं.

"साहेब, याले नागपूर विचारलं का हे निजामाबाद दाखवते."

"जंगलात गेल्यावर सवय होईल त्याला."

"त्याले का तुमाले?"

मी दुर्लक्ष केलं. दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा झाली तेव्हा सरकारी रायफलींच्या रांगेत मी माझा चाकूही मांडला. त्यालाही हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. हे हळदकुंकू पुढे फार महागात पडलं.

दसरा उलटून आठवडा झाला नसेल. गुडीहत्नूरच्या आठवडी बाजारात वांगी-टमाटे विकणारा एक जण ठाण्यात आला. स्वतःच्या मळ्यातला माल विकणारा माणूस, माझा जुना खबऱ्या. चहा मिळाला की खूश, आणि चहात साखर जास्त असली की खबरही जास्त.

"अमीनसाब, मामला गडबड दिसून राह्यला." निजामाच्या राजवटीत पोलीस अधिकाऱ्याला अमीन म्हणत, आमच्याकडे जुनी माणसं अजून म्हणतात.

"काऊन? काय झालं?"

"एक बाई हाय. चष्मेवाली, शिकलेली. मागच्या बाजारी माझ्या बाजूच्या दुकानातून चाकू नेले, आज अजून नेले. नेऊ दे म्हणा. पण इचारते काय? हात ओला असला तर मूठ सटकते का? एका हातानं म्यानातून निघते का? जोर लावला तर पातं मोडन का? दुकानदार म्हणे, बाई, वांगं चिराले एवढं कायले पाह्यजे? तर हासली. नुसती हासली, साब!"

"ओला हात," मी पुटपुटलो. माझ्या डोळ्यांपुढे तो हात लगेच लाल झाला.

"अन् भंगारवाल्याकडून गाडीचे पट्टे नेले. सीटवर बांधतेत ते."

"माणूस बांधायला," मी म्हणालो.

"असं मी म्हटलं नाई," खबऱ्या म्हणाला आणि कप खाली ठेवून उठला.

अशा खबरीचं काय करायचं हे पोलिसाला पहिल्या वर्षीच शिकवतात. साध्या कपड्यातला माणूस पाठवायचा, बाई कोण, राहते कुठे, करते काय ते बघायचं, खात्री झाली की वरिष्ठांना कळवायचं. मी क्रम उलटा केला. आधी डीएसपी साहेबांना फोन लावला.

"सर, शस्त्रसाठा. टोळी आहे."

"किती जण?"

"सध्या एक बाई दिसलीय. बाकीचे आत असतील."

साहेब खूश झाले. दुपारनंतर येतो म्हणाले, येताना पत्रकारांनाही आणतो म्हणाले. मीच म्हणालो, "आणा सर."

घर शोधायला वेळ लागला नाही. आदिलाबादेतल्या कॉलेजात शिकवणाऱ्या बाई, असं कोपऱ्यावरच्या पोरीनंही सांगितलं असतं, पण मी विचारलं नाही. महिला कॉन्स्टेबलला बरोबर घेतलं, फाटक ढकललं आणि अंगणात उडी मारली. फाटक उघडंच होतं, उडीची गरज नव्हती.

अंगणात बादलीत दोर भिजत घातलेला. खिडकीच्या गजाला सीटबेल्टचा पट्टा ताणून बांधलेला. टेबलावर वर्तमानपत्र आणि त्यावर ओळीनं सात चाकू. पन्नाशीच्या एक बाई बाह्या सरसावून ओला दोर कापत होत्या.

"पोलीस! हातातलं खाली ठेवा!"

"ठेवते. एवढा दोर तुटू द्या. मध्येच सोडला तर कोणता बरा ते कळत नाही."

मी महिला कॉन्स्टेबलला खूण केली. ती ताठ पावलं टाकत पुढे गेली आणि वाकून बाईंच्या पाया पडली. "नमस्ते मॅडम!"

"अगं, तू? पोलिसात लागलीस? छान झालं. आईचे गुडघे कसे आहेत?"

"टोळीतले बाकीचे कुठे आहेत?" मी गरजलो.

आतून बाईंचे यजमान ट्रे घेऊन आले. "साहेब, चहात साखर किती?"

शहाण्या माणसानं इथेच चहा पिऊन माफी मागितली असती. पण डीएसपी साहेब निघाले होते, मागून पत्रकार निघाले होते. मी सातही चाकू आणि खिडकीचा तो पट्टा ताब्यात घेतला आणि बाईंना चौकशीसाठी ठाण्यात आणलं. बाई शांत होत्या. फक्त जीपमध्ये बसताना त्यांचा आवाज थोडा बदलला.

"सर, उद्या सकाळी माझ्या मुलींचं शिबिर आहे, इंद्रवेल्लीकडच्या जंगलात. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. खेड्यापाड्यातल्या मुली आहेत, एकेकीच्या घरी जाऊन बापाला राजी केलंय. आज माझं नाव गुन्ह्यात आलं तर माझं निलंबन होईल ते होईल, पण यातली एकही मुलगी परत घराबाहेर पडणार नाही. बाप म्हणतील, बाई जेलात गेली."

मी चेहरा गंभीर करून जीप काढायला सांगितली. पोलिसाला काही सुचलं नाही की तो गंभीर दिसतो, ही आमच्या खात्याची मोठी सोय आहे.

चौकशी सुरू झाली.

"सात चाकू कशाला?"

"एक निवडायला."

"एक निवडायला सात?"

"साडी घेताना किती बघतात सर? आणि साडीवर कुणाचा जीव नसतो." मग त्यांनी सांगितलं. मागच्या पावसाळ्यात नेरडीगोंड्याच्या बाजूला कॉलेजची जीप वागूत, म्हणजे ओढ्यात, कलंडली होती. मुली बाहेर पडल्या, ड्रायव्हरचा पट्टा अडकला. पाणी छातीपर्यंत आलेलं. "सगळ्यांकडे मोबाईल होते, पट्टा कापायला कुणाकडे काही नव्हतं. शेवटी एका मुलीनं फुटक्या बाटलीनं कापला. ड्रायव्हर वाचला, तिच्या हाताला टाके पडले. तेव्हाच ठरवलं, चाकू घ्यायचा तर ओल्या हातानं वापरून बघूनच घ्यायचा."

ओला हात! माझ्या डोळ्यांपुढचं रक्त एका क्षणात वागूचं पाणी झालं. पण हेडसाब बघत होते, म्हणून मी आवाज चढवला. "मग यातला चांगला कोणता?"

"घडीचा नको, बोटांवर मिटतो. पातं मुठीच्या टोकापर्यंत एकसंध हवं, नाहीतर जोर लावला की सुटतं. लांबी आपल्या तळहाताएवढी पुरे. मूठ खरबरीत, आणि रंग भडक, गवतात पडला तर दिसायला. पाठीला दात नकोत, ते फक्त फोटोत कापतात." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि सर, चाकूनं दोर कापतो, पट्टा कापतो. जीव वाचवायला आधी दुसऱ्या गोष्टी लागतात. कुठे चाललो ते घरी सांगणं. पाणी, टॉर्च, कोरडे कपडे, पट्टी, शिट्टी. हाक मारून मारून घसा बसतो, शिट्टीला घसा नसतो."

हेडसाब खाकरले. "साहेब, त्यांना आपला दाखवा ना. जंगलवाला."

दाखवायची हौस मला कोणत्याही परिस्थितीत होतीच. मी जीपमधून चाकू आणून टेबलावर ठेवला. बाईंनी चष्मा सारखा केला, होकायंत्र पाहिलं, कुंकू पाहिलं आणि म्हणाल्या, "पूजा छान झालीय."

एवढ्यात पंच आले. पंचनाम्याला दोन त्रयस्थ माणसं लागतात आणि आमच्या ठाण्याचा एक ठरलेला पंच म्हणजे शेजारचा शिंपी. शस्त्र कायद्यात पात्याची लांबी महत्त्वाची. घरकामाचं किंवा शेतीचं नसलेलं पातं नऊ इंचांहून लांब भरलं तर परवाना लागतो, म्हणून मोजणं आलं. ठाण्याची मोजपट्टी कुणीतरी पाठ खाजवायला नेली होती. शिंप्यानं गळ्यातली टेप काढली. तो मोजायचा आणि ब्लाउजचं माप सांगावं तसा आकडा म्हणायचा, लेखनिक लिहायचा. बाईंचे सातही चाकू नऊच्या आत, बरेचसे तर निम्म्यावरच. शिंप्याच्या हाताला एक सवय आहे. समोर ठेवलेलं कापड असो की लोखंड, तो ते मोजल्याशिवाय सोडत नाही. त्यानं आठवा उचलला.

"साडेदहा."

त्यानं टेप पुन्हा एकदा लावून पाहिली.

"साहेब," शिंपी अगदी आपुलकीनं म्हणाला, "शिलाईचा एक इंच सोडला, तरी नवाच्या वरच जाते."

लेखनिकाचं पेन थांबलं. "साहेब, हा कोणाच्या ताब्यातून जप्त लिहू?"

महिला कॉन्स्टेबल खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. हेडसाब छताकडे बघत म्हणाले, "एकच बसते कायद्यात. पण पूजा झालेली हाय."

"ही अवजार आहे," मी ठासून म्हणालो. घाबरलो की माझं लिंगवचन जातं. "कामाची वस्तू आहे. दाखवतो." मी जप्त केलेला सीटबेल्ट खुर्चीच्या हाताला बांधला आणि करवतीच्या दातांनी कापायला लागलो. दात पट्ट्यात अडकले. मी जोर लावला. कट असा आवाज झाला, मूठ माझ्या उजव्या हातात राहिली, पातं डाव्या अंगठ्यावरून सरकून टेबलाखाली गेलं, आणि काड्या, गळ, होकायंत्र पंचनाम्यावर सांडलं. पट्टा होता तसाच होता.

"प्रथमोपचार पेटी!" मी ओरडलो. भिंतीवरची पेटी उघडली तर आत शस्त्रपूजेची उरलेली अगरबत्ती, कापूर आणि एक नारळ. बाई उठल्या. त्यांच्या पिशवीत सगळं होतं. त्यांनी जखम धुतली, दाबून धरली, पट्टी बांधली. आरोपीनं तपास अधिकाऱ्याचं रक्त थांबवलं अशी नोंद बहुधा दुसऱ्या कुठल्याच ठाण्यात नसेल.

बाहेर डीएसपी साहेबांची गाडी थांबली. मागे पत्रकारांची.

आता दोनच वाटा होत्या. चाकू सात आहेत, बाईंचं उत्तर संशयास्पद आहे, असं म्हणून तोंड वाचवता आलं असतं; पुढे कोर्टात काय व्हायचं ते झालं असतं, पण शिबिर उद्या होतं. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, पट्टीची गाठ नीट बसलीय का ते बघत होत्या. मी उठून सॅल्यूट केला. सॅल्यूट उजव्या हातानं करतात हे नशीब.

"सर, बेकायदा शस्त्र सापडलं."

"कुणाकडे?"

"माझ्याकडे, सर. सरकारी जीपमध्ये. मॅडम निर्दोष आहेत. अंगठाही मीच कापलाय."

साहेबांनी बिनमुठीचं पातं उचललं, कुंकू पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ते खुर्चीत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसून झाल्यावर कठोर झाले. "हे पातं लोहाराकडून निम्मं करून आणा. माझ्यासमोर मोजायचं." मग बाईंकडे वळले. "मॅडम, आमच्यामुळे त्रास झाला. आता आलोच आहोत, तर यातला कोणता घ्यावा तेवढं सांगा."

बाईंनी नारिंगी मुठीचा, तळहाताएवढा, अगदी साधा चाकू उचलला आणि माझ्याच खुर्चीला बांधलेला पट्टा एका ओढीत तोडला. पत्रकारांनी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी बातमी आली की ठाण्यात आपत्कालीन सज्जतेचं प्रात्यक्षिक उत्साहात पार पडलं. फोटोत मी अंगठा वर करून उभा आहे. लोकांना वाटलं, शाबासकी देतोय.

त्याच सकाळी मी ठाण्याच्या पायरीवर उभा होतो. शिबिराची बस महामार्गावरून आली, ठाण्यासमोर हळू झाली, आणि आतल्या सगळ्या मुलींनी एकदम शिट्ट्या फुंकल्या. चहावाल्याच्या हातून किटली पडली. हेडसाब धावत बाहेर आले. "काय झालं, साहेब? दंगल?"

"नाई," मी म्हणालो, "टोळी चालली."

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. खबर खरी असते, तिचा अर्थ मात्र आपण आपल्या पदरचा घालतो. म्हणून फोन उचलण्याआधी निदान एक प्रश्न जास्त विचारावा. आणि संकटाची तयारी ही मिरवायची वस्तू नसते; ती पिशवीत गुपचूप पडून असते आणि वेळेला हाताशी येते. त्यानंतर मी ठाणं सोडेपर्यंत प्रथमोपचार पेटीत पट्ट्या असत, आणि नारळ लेखनिकाच्या कपाटात.

निम्मं झालेलं पातं नवी लाकडी मूठ लावून आमच्या स्वयंपाकघरात आहे. बायको त्यानं भोपळा चिरते, छान चालतं. मीही आता खरंच जंगलात जातो, सकाळी फिरायला. निघताना ती दारातून विचारते, "कुठं चाललात ते सांगितलं का? पाणी? चष्मा? शिट्टी?"

चाकूचं मात्र ती कधीच विचारत नाही.