अर्थ लागला की आवाज येतो

“अर्थ न्हाई हिच्यात.” मुक्या टेपची गाडी दुकानापुढं उभी राहिली की उस्तादाचं हे पहिलं वाक्य. गाडीला हात न लावता, कमरेवर हात ठेवून. नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा आपल्या गाडीची लायकी काढतोय. जपून वापरलेल्या गाडीबद्दल असं ऐकून एका मुख्याध्यापकांनी तर त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. त्याला म्हणायचं असायचं ते एवढंच, की गाडीच्या पत्र्याला जोडलेली अर्थिंगची वायर कुठंतरी सुटलीय. तसं झालं की दिवे लागतात, पडद्यावर गाण्याचं नाव येतं, आवाज मात्र येत नाही.

पाटोद्यात माझं वह्यापुस्तकांचं दुकान, शेजारी त्याचं गाड्यांचे टेप दुरुस्त करायचं. तो काही गरीब गाय नव्हता. मिस्त्री म्हटलेलं त्याला खपायचं नाही, उस्तादच म्हणावं लागे. गिऱ्हाइकाची तो उलटतपासणी घ्यायचा. रेडिओ वाजतो का, एकच बाजू मुकी आहे का, घरात लहान लेकरं आहेत का? लेकरांचं कशाला, असं कुणी विचारलं की सांगायचा, लेकरू आवाज बंद करायचं बटण दाबून ठेवतं आणि बाप बीडला जाऊन नवे स्पीकर आणतो. असा बाप सापडला की दिवसभर त्याची नक्कल चालायची. त्याच्या जिभेला मी वैतागायचो, आणि त्याचं दुकान बंद असलं की मला करमायचं नाही. तुमच्याही बाजारात असा एखादा असेलच.

ऊस तोडायला माणसं नेणाऱ्या एका मुकादमानं दसऱ्याला नवी गाडी घेतली. पुण्यात मोठे स्पीकर बसवून आणली. महादेवाच्या देवळापुढं पूजा झाली, हार घातले, नारळ फुटला. टोळ्या कारखान्यावर निघायच्या आत आपला थाट त्याला माणसांना दाखवायचा होता. त्यानं गाणं लावलं. पडदा उजळला, पण आवाज काही येईना. माणसं तोंडावर हात धरून हसायला लागली. मग उस्तादाला बोलावणं गेलं, आणि मजा बघायला त्याच्या मागोमाग मीही गेलो.

त्यानं डिकी उघडली आणि वायरीवरून बोट फिरवत गेला. पुण्यातल्या कारागिरानं अर्थची वायर रंगावरच आवळली होती. रंगावर ती चालत नाही, तिला खालचा कोरा पत्रा लागतो. उस्तादानं पान्याच्या टोकानं नखाएवढा रंग खरवडला, वायर आवळली, आणि गाणं असं फुटलं की हारातली झेंडूची फुलं थरथरायला लागली.

तो हसत वळला. मुकादमाची नजर मात्र खरवडलेल्या पत्र्यावर गेली होती. पूजेच्या दिवशी नव्या गाडीला ओरखडा म्हणजे त्याच्या लेखी अपशकुन. त्यानं उस्तादाच्या कानाखाली वाजवली. गाण्याच्या दणदणाटात ती कुणाला ऐकूसुद्धा आली नाही.

उस्ताद गाडीत वाकला, त्यानं आवाज पार कमी केला आणि परत मुकादमापुढं येऊन उभा राहिला.

“आता मारा,” तो म्हणाला. “लोकायला ऐकू तरी येऊ द्या.”

मुकादमानं दुसरी मारली. ती सगळ्यांना ऐकू आली. अर्ध्या घरांतली माणसं त्याच्या टोळीत, आणि उरलेल्यांची दुकानं त्या टोळ्यांच्या जिवावर. पुजाऱ्यानं खोबरं वाटायला घेतलं आणि आम्ही हात पुढं केले.

त्यानंतर मुकादमाच्या धाकानं जीपवाले उस्तादाकडं थांबेनात. कुणी नांदूरघाट गाठायचं, कुणी बीड. पण त्याहून वाईट म्हणजे उस्तादच बदलला. चुकून एखादी गाडी आली आणि रंग खरवडायची वेळ आली, की मालकाला विचारायचा, पुन्हा विचारायचा, आणि शेवटी पाना खाली ठेवायचा. दिवाळी सरली आणि त्यानं शटर ओढलं ते ओढलंच. जाताना मला सांगितलंही नाही. त्याचा मला राग आला, अजूनही आहे. गावाचा त्याहून जास्त आहे. मुकादमाची गाडी अजून रोज बाजारातून वाजत जाते, आणि पोरं तिच्या मागं नाचतात.

परवा पुतण्याच्या गाडीचा आवाज गेला. उस्ताद नगरला गाड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात असतो, असं कानावर आलं होतं, म्हणून मुद्दाम गाडी तिकडं नेली. अंगात दुकानाचा टी-शर्ट घालून तो एका गाडीच्या सीटला कव्हर चढवत होता. मला बघून हसला, चहा सांगितला, पाटोद्याचं काही विचारलं नाही. मी म्हणालो, आवाज गेलाय, जरा बघ. तो उठून आला, दारावर हात टेकून आत वाकला, आणि तसाच मागं सरला.

“कंपनीत दाखवा, आप्पा. आमी आता कव्हरंच बसवतो.”

मी म्हणालो, गाडी घरचीच आहे, खरवड पाहिजे तेवढं.

“नको,” तो म्हणाला. “डाग पडतो.”

खांद्यावरचं फडकं काढून त्यानं दारावर जिथं हात टेकला होता तेवढी जागा पुसली, आणि आत निघून गेला.