सेइलखान-आगांची शेवटची नोंद

आमच्या आयागोझ गावच्या रेल्वे सिग्नल केबिनमध्ये सेइलखान-आगांनी, म्हणजे सगळे मानाने ‘आगा’ म्हणतात त्या सेइलखानांनी, छत्तीस वर्षं काढली. तेव्हा सगळ्या देशाची रेल्वे मॉस्कोच्या वेळेने चालायची आणि गाव स्वतःच्या. या दोन वेळांची त्यांनी कधी गल्लत केली नाही. शाळेत मी मुलांना त्यांचाच दाखला द्यायचो.

निवृत्तीनंतर ते दिवेलागणीला दुर्बीण आणि स्टॉपवॉच घेऊन अंगणात बसू लागले. एका जुन्या रॉकेटचा रिकामा टप्पा कोलांट्या खात पृथ्वीभोवती फिरत होता; दर नऊ सेकंदांनी चमकायचा. अकरा वर्षं त्यांनी त्याच्या वेळा वहीत टिपल्या. सून कुरालाय त्यातून सहा तास वजा करून, जागतिक वेळेत, परदेशातल्या हौशी निरीक्षकांच्या मंडळाला पाठवायची.

दोन हजार चोवीसच्या मार्चमध्ये सरकारने आमची घड्याळं तासभर मागे घेतली. गावातल्या म्हाताऱ्यांनी ते मानलं नाही. "सूर्य काय यांना विचारून उगवतो?" म्हणत आगांनी भिंतीवरचं घड्याळ तसंच ठेवलं. वहीही त्याच घड्याळावर चालली. कुरालाय मात्र नव्या नियमाने पाचच तास वजा करू लागली.

एप्रिलमध्ये तो टप्पा फार खाली आला. पडण्यापूर्वी तो शेवटचा आपल्यालाच दिसावा आणि मंडळाच्या यादीत तसं नाव लागावं, एवढीच आगांची इच्छा होती. तो दिसलाही, कुंपणाच्या जरा वर, घाईघाईने जाताना. नंतर तो कोणालाच दिसला नाही.

मंडळाचं पत्र आलं. मार्चपासूनच्या सगळ्या नोंदी तासभर चुकलेल्या, म्हणून रद्द. शेवटचं दर्शन, आगांच्या आधी तो पाहिलेल्या चिलीतल्या एका बाईंच्या नावावर लागलं होतं.

"वही जुन्या वेळेची आहे, हे सांगायचं तरी, बाबा."

"त्याच घड्याळावर या घरात जेवतेस ना?"

"जेवते. पण दवाखान्यात कामाला नव्या घड्याळावर जाते."

चूक दोघांची निम्मी-निम्मी आहे, असं मी म्हणालो. ते दोघांनाही आवडलं नाही. कुरालायने खुलासा लिहून पाठवला. उत्तर नम्र होतं: वस्तू पडून गेल्यावर वेळ बदलून आलेली नोंद आम्ही कोणाचीच घेत नाही.

आगा अजून अंगणात बसतात, पण टिपत काही नाहीत. पूर्वी सुनेला ते "पोरी" म्हणायचे. आता नावाने हाक मारतात.