सामान बघणारी बाई

माणसाने सूड घेऊ नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं वाचू नये. मी घेतला. सावकाश, चवीने घेतला, आणि उद्या पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घेईन.

आम्ही दोघी चालायला निघालो होतो, मी आणि माझी धाकटी नणंद. रेडीपासून झाईपर्यंत. म्हणजे गोवा संपून आपला किनारा जिथे लागतो तिथून, ते पार गुजरातची हद्द येईपर्यंत. नियम एकच होता आणि तो तिनेच घातलेला: खाडी आडवी आली तर होडी, बाकी सगळी वाट पायी. ती मुंबईला कचेरीत होती, मुदतीआधी निवृत्ती घेऊन मोकळी झाली होती. मी अंगणवाडीतून नुकतीच सुटले होते. शिमग्याला घरी आली तेव्हा माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "वयनी, तू चल माज्यावांगडा. तुज्याशिवाय माका जमूचा नाय." खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. तीस वर्षं त्या घरात मी रांधलं, वाढलं, पण कुणी मला बरोबर चल म्हटलं नव्हतं.

माझा नवरा मालवणात रिक्षा चालवतो. त्याने आम्हाला रेडीपर्यंत सोडलं. बहिणीच्या बुटांच्या नाड्या स्वतः वाकून बांधल्या. माझ्या मी बांधल्या.

चालायला लागल्यावर कामं आपोआप वाटली गेली. ती पुढे, मी मागे. तिच्या पाठीवर पाण्याची बाटली आणि टोपी. माझ्या पाठीवर स्टोव्ह, तांदूळ, कपडे, औषधं. माझं माहेर निवतीचं, लहानपणी ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या शिंपल्या काढायचे मी. त्यामुळे कुठल्या वाळूच्या पुळणीवरून कधी जायचं, खडकांच्या खडपातून वाट कुठे सापडेल, हे मी सांगायचे. आणि फोटो मी काढायचे. ती दगडावर उभी राहायची, ओढणी वाऱ्यावर सोडायची आणि म्हणायची, "आता काढ." ते फोटो ती रोज फोनवर टाकायची. मी म्हटलं, टाकू दे. मला कुठे फोनवर मिरवायचं होतं?

वेंगुर्ला, देवगड, रत्नागिरी, हर्णै, मुरूड. माझे तळवे आधी फोडांनी भरले, मग घट्ट झाले. तिचे गुडघे मी रोज संध्याकाळी खोबरेलाने चोळायचे. रेवसला पोहोचलो तेव्हा किनाऱ्याचा मोठा भाग मागे पडला होता. तिथून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरलो. ठरलं होतं की मुंबईत दोन दिवस थांबायचं, पायांना आराम द्यायचा, शहर बघायचं.

मी मुंबई त्याआधी दोनदाच पाहिलेली. एकदा सासऱ्यांना इस्पितळात घेऊन, एकदा एका लग्नात भाजी चिरायला. या वेळी मी बघायला आले होते. धक्क्यावर मासळीचा वास आला आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. राणीच्या बागेत पेंग्विन बघितले; मालवणच्या स्टँडवर गाडीची वाट बघत उभे असल्यासारखे एका रांगेत उभे होते. मला हसू आवरेना. भायखळ्याहून नणंदेने टॅक्सी केली. "शहरात चालतं गं, मुक्काम आहे," म्हणाली. मुंबईत पाय टाकला की ती मालवणी बोलायची बंद होते, हे मी आधीपासून बघत आले होते. मी मात्र चालतच गिरगाव चौपाटीवर गेले. विचारत विचारत, दुकानांच्या काचांत डोकावत. उन्हाने रापलेली, बुटांना चिखल लागलेली मी, आणि मला बघायला कुणाला वेळ नव्हता. असलं सुख मला आयुष्यात मिळालं नव्हतं. चौपाटीवर ती भेळ खात बसली होती. मी येताच म्हणाली, "चल लवकर, सोसायटीत माझा कार्यक्रम आहे."

कार्यक्रम म्हणजे सत्कार. तिच्या इमारतीच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं, हार, माईक आणि भिंतीवर भला मोठा फलक. फलकावर विजयदुर्गाच्या तटावर उभी असलेली ती. खाली लिहिलेलं: एकटीने, पायी, समुद्राकाठी. तो फोटो मी काढला होता. नीट बघितलं तर तिच्या पायाशी माझी सावली पडलेली दिसत होती, पाठीवरच्या पिशवीसकट.

एकटीने!

मी दाराशी उभी होते. एका बाईने मला निरखून बघितलं आणि नणंदेला विचारलं, "ह्या कोण?"

नणंद म्हणाली, "ह्या आमच्या गावाकडच्या बाई. सामान-बिमान बघतात माझं."

त्या बाईला त्यात काही वाईट दिसलं नाही. तिने माझ्या हातात कागदी बशांची चळत दिली आणि म्हणाली, "जरा वाटता का हो?" मी वाटल्या. चाळीस जणांना समोसा आणि वेफर वाटले. नणंद माईकवरून सांगत होती की रात्री किनाऱ्यावर एकटं झोपताना तिला कधीच भीती वाटली नाही. मी तिच्यासमोर बशी धरली, तेव्हा तिने माझ्याकडे न बघता समोसा उचलला. पुष्पगुच्छ मिळाला तोही धरायला माझ्याच हातात दिला.

मी रडले नाही. मला राग आला. माझा राग भाकरीच्या तव्यासारखा आहे, तापायला वेळ लागतो, पण एकदा तापला की बराच वेळ तापलेला राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुडघे धरून पलंगावर बसली. डॉक्टरांनी महिनाभर चालायला मनाई केली म्हणाली. मग दार लावून घेतलं आणि मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा मालवणीत बोलली. "वयनी, तू फुडे जा. फोटो धाडीत ऱ्हव. मी टाकतंय. कोणाक सांगा नको."

"बरां," मी म्हटलं.

तिला वाटलं असेल, वहिनी नेहमीसारखी मान डोलावते आहे. मी तेव्हाच ठरवलं होतं की हिला मी सोडणार नाही. कसं ते ठरलं नव्हतं, पण वाट मोठी होती आणि विचार करायला वेळच वेळ होता.

उत्तन, वसई, अर्नाळा. आता पिशवीत एकीचाच तांदूळ होता आणि ऐकवायला कुणी नव्हतं. मी रोज फोटो पाठवायचे, पुळणीचे, होड्यांचे, वाळत घातलेल्या बोंबलांचे. मुंबईत पलंगावर बसून ती ते टाकायची आणि खाली लोक लिहायचे, काय ही हिंमत, काय ही जिद्द. संध्याकाळी मी ते सगळं वाचायचे. तिचं कौतुक वाचून माझा राग ताजा राहायचा.

केळव्याला मी एक छान मावळतीचा फोटो काढला. लाल गोळा पाण्यावर टेकलेला. तो मी तेव्हा पाठवलाच नाही. रात्रभर ठेवला आणि पहाटे उठल्या उठल्या पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. तिने लगेच टाकला: आज पहाटे समुद्रातून उगवणारा सूर्य, मी आणि एकांत. आमचा समुद्र पश्चिमेला. शेंबडं पोरसुद्धा सांगेल की तिथे सूर्य बुडतो, उगवत नाही. पण घरात बसलेल्या माणसाला दिशा कुठून आठवणार? तासाभरात आमच्या गावच्या एका मासेमाराने खाली लिहिलं, "बाय, आमचो सूर्य डोंगरातसून येता. तुजो दर्यातसून खंयसून इलो?" मग सगळं गाव हसायला आलं. तिने फोटो काढून टाकला आणि मला फोन करून तणतणली.

"चुकान गेलो गो बाय," मी म्हटलं. फोन ठेवून पुळणीवर बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले.

झाईला पोहोचले त्या दिवशी मला न्यायला कुणी नव्हतं. मासे वाळवणाऱ्या एका बाईच्या हातात फोन देऊन म्हटलं, माझा एक फोटो काढा. अख्ख्या वाटेवरचा माझा तेवढा एकच फोटो आहे, थोडा वाकडा. तो मी नणंदेला पाठवला नाही.

मी गावी परतले, आणि आठवड्याने ती आली. गुडघे बरे झाले होते. शाळेच्या पटांगणात तिच्या सत्काराची तयारी चालली होती, तोच फलक मुंबईहून गुंडाळून आणला होता. मी बरोबर होते हे गावाला माहीत होतं, पण नुसती सामान उचलायला, असंच सगळे धरून चालले होते. पण आधी देवळात जायचं होतं, कारण निघण्यापूर्वी ती देवासमोर नवस बोलली होती: सगळी वाट चालून आले तर नारळ ठेवीन. आमच्याकडे असा नारळ गुपचूप ठेवता येत नाही. देवळाचे मानकरी, आमचे म्हातारे गावकर, देवासमोर मोठ्याने गाऱ्हाणं घालतात, कुणी काय बोललं होतं, काय केलं, सगळं देवाला सांगतात, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला होकार भरतात. सगळ्या गावाच्या साक्षीने देवाशी बोलणं असतं ते. बाकी कुठेही थाप मारणारा माणूस तिथे मारत नाही.

आदल्या दिवशी मी गावकरांकडे गेले. चुगली केली नाही. एवढंच म्हटलं, "गाऱ्हाण्यात 'पायान' म्हणाक इसरा नको."

म्हाताऱ्याने पान चघळत विचारलं, "पायान म्हणजे सगळी वाट?"

"सगळी."

त्याने पानाची पिंक अंगणात टाकली आणि मान हलवली. त्याला काय ते कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सभामंडप भरला होता. नणंद नवी कोरी पैठणी नेसून, हातात नारळ घेऊन पुढे उभी. माझा नवरा खांबाला टेकून उभा होता, कौतुकाने तिच्याकडे बघत. तिच्या शिक्षणासाठी तो सातवीतून शाळा सोडून बंदरावर कामाला गेला होता. हे तो स्वतः कधी सांगत नाही, गाव सांगतं.

गावकरांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ही तुजी लेक आज तुज्यासमोर उबी आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"रेडयेसून झाययेपर्यंत ती पायान चालान इली! मदी खंय गाडयेत बसाक नाय!"

"व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

"ह्या खरा आसात, तर तिचो नारळ मानून घे! आनि ह्यात काय खोटा आसात..." गावकर थांबले. इतके थांबले की बाहेरच्या पिंपळाची सळसळ ऐकू आली. "तर तुजो न्याव तू कर!"

कुणी होकार भरण्याआधीच नणंदेने एक हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "रवा!" तिचा चेहरा पांढरा पडला होता. मुंबईतली सगळी वर्षं गळून पडावीत तसं ती बोलली, "मी मुंबयच्या फुडे चलाक नाय. वयनी चल्ली. एकटी."

माणसं माना वळवून मला शोधायला लागली. मग मागे बसलेला एक बहिरा म्हातारा, गावकर काहीतरी बोलले असतील असं समजून, सवयीने ओरडला, "व्हय म्हाराजा!" आणि त्याच्या पाठोपाठ सवयीनेच सगळं देऊळ ओरडलं.

गावकरांनी नारळ तिच्या हातातून काढून माझ्या हातात दिला. तो मी देवापुढे ठेवला. त्या दिवसाइतकं गोड मला काही लागलेलं नाही. शाळेतला फलक कुणीतरी दुपारीच उतरवला. चार माणसं माझ्या पाया पडली, दोघींनी वाट कशी होती म्हणून विचारलं. मला सगळं सांगायचं होतं आणि मी सगळं सांगितलं. नणंद जेवलीसुद्धा नाही. दुपारच्या गाडीने गेली, आणि रिक्षाने स्टँडवर सोडायला तिचा भाऊच गेला.

चतुर्थीला ती आली नाही. मी म्हटलं, नको येऊ दे. गणपतीच्या नैवेद्याला मोदक मी एकटीने वळले, आणि ते चांगले झाले.

मग दिवाळी आली. भाऊबीजेला सकाळी नवऱ्याने उटणं लावून आंघोळ केली, नवा शर्ट घातला, आणि ओटीवर पाट स्वतः मांडून त्यावर बसला. कुणी येणार नव्हतं हे त्यालाही माहीत होतं. तरी बसला. मी निरांजन पेटवलं नाही, ते माझं काम नव्हे. पाऊण तास झाला असेल. शेजारच्या घरातून ओवाळताना हसण्याचा आवाज येत होता.

मग तो उठला. पाट भिंतीला उभा करून ठेवला. माझ्याकडे बघून, अजिबात न रागावता, त्याने विचारलं, "तुका व्हया होता तां गावला मा?"

"गावला," मी म्हटलं. खरंच मिळालं होतं, आणि मी देवाला खोटं सांगत नाही तशी नवऱ्यालाही सांगत नाही.

त्याने मान हलवली. नवा शर्ट काढून खुंटीला लावला, खाकी चढवला आणि रिक्षा बाहेर काढली. त्या दिवशी दुपारभर मालवणच्या स्टँडवर त्याची एकट्याचीच रिक्षा उभी होती, बाकीचे सगळे बहिणींकडे जेवायला गेले होते.