टॅपेट वाजतंय

माझ्या जेवणाच्या टेबलावर आजवर जेवणापेक्षा इंजिनंच जास्त वाढली गेलीत. त्या आठवड्यातही तेच चाललेलं. एका बाजूला काळ्या घेवड्याचं पातेलं, दुसऱ्या बाजूला फर्मीनच्या हार्ली मोटरसायकलचं हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं, उताणं पडलेलं, आणि मध्ये आमचा म्हातारा एलादिओ रॉकेलमध्ये व्हॉल्व्ह धुतोय. तेही माझ्या सॅलडच्या वाडग्यात.

"तिसऱ्यांदा तेच इंजिन," मी म्हटलं. "लग्न तरी एकदाच केलंस."

तो काही बोलला नाही. हल्ली हे त्याचं नवीनच सुरू झालं होतं. मी बोलायचं आणि साहेबांनी भिंतीकडे बघायचं. इतका संताप यायचा, की वाटायचं पातेलं उचलून त्याच्या डोक्यात घालावं. पण घेवडा कुठे रोज मिळतो.

फर्मीन म्हणजे एलादिओच्या मेलेल्या दोस्ताचा मुलगा. गाडी त्याच्या बापाची, एक्कावन्न सालची. आमच्या हवानात अशा गाड्यांमध्ये मूळचं म्हणावं असं फारसं काही उरलेलं नाही. हिचे व्हॉल्व्ह रशियन ट्रकचे, लेथवर कापून बसवलेले. व्हॉल्व्ह ढकलणारे दांडे एलादिओनं कुठल्याशा शॉकॲब्सॉर्बरमधून काढले, पोलादी. हेड मात्र अॅल्युमिनियमचं. इंजिन तापलं की हेड फुगतं, दांडे तेवढे फुगत नाहीत, मधली फट वाढते, आणि टॅपेट वाजायला लागतं. म्हणून थंड असताना कितीही मापं घ्या, उपयोग शून्य. गाडी तापवायची, ऐकायचं, बंद करायची, नट जरासा फिरवायचा, परत किक मारायची. सगळा खेळ कानाचा. "व्हॉल्व्ह थोडा बोलला पाहिजे," असं एलादिओ सगळ्यांना सांगायचा. "गप्प बसला तर समजा जळतोय."

आणि फर्मीनची गाडी थोडं बोलत नव्हती, बडबडत होती. दर शनिवारी संध्याकाळी हे सगळे गाडीवाले समुद्राच्या कट्ट्यावर जमतात, बसून एकमेकांची इंजिनं ऐकतात. कुणाचं काम कुणी केलंय हे तिथे सगळ्यांना पाठ असतं. दोनदा फर्मीन तिथून तोंड पाडून परत आला होता.

"उस्ताद, लोक हसतात," तो म्हणाला होता. "म्हणतात, टाकीत चमचे भरून आणलेस का? या खेपेला जमलं नाही तर मी रेग्लाला नेतो. माझाही नाइलाज आहे."

रेग्ला म्हणजे खाडीच्या पलीकडे. तिथे एक तरुण मिस्त्री बसतो. फर्मीन गेला की त्याच्यामागे बाकीचेही जाणार, हे मला न सांगता कळत होतं. मग एलादिओनं करायचं काय? दुसरं काही म्हणता काही येत नाही त्याला. डॉमिनो खेळायला बसला तर तिथेही भांडून येतो.

शुक्रवारी दुपारी त्यानं इंजिन परत जुळवलं. व्हॉल्व्ह घासून बसवले, स्प्रिंगा बदलल्या, अंगणात नेऊन किक मारली. मी युकाचे कंद सोलत दारात बसले होते. इंजिन तापलं आणि लागलं खडखडायला. मागचा सिलिंडर तर असा, की शेजारणीनं खिडकी लावून घेतली.

"झालं," एलादिओ म्हणाला. "आता कसं गोड बोलतंय."

"गोड? अरे, दात पडायची वेळ आली माझे."

परत भिंत. मग त्यानं लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक हेडवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, ही मिस्त्री लोकांची रीतच आहे. त्यानं डाव्या कानाला लावली. मग उजव्या. मग माझ्याकडे पाठ फिरवून वाकला आणि स्क्रू ड्रायव्हरची मूठ दातांत धरली.

"आता हत्यारं खायला लागलास?" मी ओरडले. ओरडले आणि हातातली युका तशीच राहिली. हा माणूस दातांनी ऐकत होता.

मी जाऊन इंजिन बंद केलं. तो दचकून वळला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"ऐकू येत नाही ते कधीपासून?"

"कोण म्हणतं ऐकू येत नाही? तू मेली तोंडातल्या तोंडात बोलतेस."

मी! तोंडातल्या तोंडात! ज्या बाईचा आवाज चौकापर्यंत जातो असं आमची सगळी लुयानो वस्ती म्हणते, ती. मला हसू येईना, रडूही येईना. सगळा उलगडा झाला. व्हॉल्व्ह थोडा बोलला पाहिजे ना, मग हा आपला नट सैल करत जायचा, त्याला टिकटिक ऐकू येईपर्यंत. आणि त्याला ऐकू येईपर्यंत बाकीच्या जगाचे कान फुटायचे. भिंतीकडे बघणंही माज नव्हता. इतके महिने मी एकटीच भांडत होते, आणि तो त्या भांडणात नव्हताच.

"मला सांगायचं नाही?" मी त्याच्या तोंडासमोर जाऊन विचारलं.

तो पान्याशी चाळा करत राहिला. "सांगून काय? बहिऱ्या मिस्त्रीकडे कोण गाडी देतं?"

मी हात पुसले आणि म्हटलं, "मार किक."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"जन्म गेला माझा हा आवाज ऐकण्यात, नको असताना. मार."

संध्याकाळपर्यंत आम्ही तेच करत होतो. मी बोटानं दाखवायचं, मागचा, अजून, तो गाडी बंद करून नट आवळायचा, परत किक. एकदा जास्त आवळलं, आवाज पार गेला, तेव्हा मी जोरात मान हलवली. तो चिडला, पाना आपटला, मला नाही नाही ते बोलला, मीही बोलले. मग अर्ध्या फेऱ्यानं सैल केलं, आणि दोन्ही सिलिंडर बारीक टिकटिकायला लागले. तसा आवाज मी पहिल्यापासून ओळखते. तो उभा राहून इंजिन बघत नव्हता, माझं तोंड बघत होता.

शनिवारी फर्मीन आला. किक मारली, डोळे मिटून ऐकलं, आणि त्याचा चेहराच उजळला. गाडी तशीच चालू ठेवून तो हसत म्हणाला, "उस्ताद, रेग्लात तर लोक म्हणतात, एलादिओचे कान गेले. खरंय का हो?"

एलादिओ फडक्याला हात पुसत होता. त्यानं आनंदानं मान डोलावली. "हो, हो. शंभर टक्के."

फर्मीनचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यानं एलादिओकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी फाटकापाशी बसून युकाची सालं नखांतून काढत होते, मान वर केली नाही. तो गाडीवर बसला, फाटकापाशी आला, माझ्याकडे वाकला आणि हळूच म्हणाला, "काकू, पुढल्या महिन्यात भावाची गाडी आणतो. तुम्ही घरी कधी असता?"

तो गेल्यावर एलादिओ जवळ आला. "काय म्हणत होता गं?"

"पुढल्या महिन्यात भावाची आणतो म्हणाला."

"बघितलंस? माझ्याशिवाय पान हलत नाही यांचं."

हे त्याला नीट ऐकू जायला हवं होतं. म्हणून मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "नाही हलत रे म्हाताऱ्या. कुणाचंच नाही हलत."