डावरेबुवांचा कामाचा हात

लोहारकाम करणाऱ्या या गृहस्थांना सगळी गल्ली डावरेबुवा म्हणते, कारण हातोडी डाव्या हातात. हातोडी जागा दाखवते, मागोमाग बायकोचा घण तिथेच बसतो. घण उचलायला जोर लागतो. वेळेवर पाडायला त्याहून जास्त.

एकदा तापलेलं लोखंड ऐरणीवर असताना बुवाच आडवे झाले. शुद्धीवर येताच म्हणाले, "लोखंड गार झालं का?"

डॉक्टरांनी समजावलं. हृदयाचे वरचे कप्पे ठोका देतात, पण निरोप खाली पोचत नाही. पेसमेकरच्या दोन तारा घालायच्या, एक वर, एक खाली. मग वरच्यामागे खालचा ठोका वेळेवर पडेल, चक्कर थांबेल, दम टिकेल.

"म्हणजे हातोडी पडते, घण झोपलाय," बायको म्हणाली. "माझ्यासारखी कोणीतरी आत बसवा."

"बाहेर एक आहे ती पुरे," बुवा पुटपुटले.

बायको औषधं आणायला गेली, तेव्हा डॉक्टरांनी धोकेही सांगितले. जखम चिघळू शकते, फुप्फुसाला टोचू शकतं, तार सरकू शकते. काही वर्षांनी बॅटरी संपली की यंत्र बदलायचं. वेल्डिंगपासून लांब राहायचं.

बुवांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. "ऐरणीपुढे उभं राहता येईल?"

"येईल. पण सुरुवातीचे काही आठवडे यंत्राच्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. म्हणून ते कमी वापराच्या बाजूला बसवतो. तुमचा कामाचा हात कुठला?"

"उजवा," बुवा ऐटीत म्हणाले. शाळेत छड्या खाऊन उजव्याने लिहायला शिकलेला माणूस. शिकलेल्यांपुढे डावा कसा कबूल करणार?

यंत्र डावीकडे बसलं. घरी आल्यावर बायको शेजारी गेल्याचं पाहून बुवांनी हातोडी उचललीच, तीही डाव्याने. तार सरकली. पुन्हा चक्कर, पुन्हा ऑपरेशन, तार पुन्हा जागेवर.

"अहो, खोटं बोलायला तुम्हाला हीच जागा सापडली?" डॉक्टरांकडून कळल्यावर बायकोने विचारलं. त्यावर बुवांना खोकला आला.

उजव्याने हलकं काम चालेल, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तिने लहान हातोडी त्यांच्या उजव्या हातात ठेवली. पहिला घाव ऐरणीवर.

"लोखंड इकडे आहे."

"दिसतंय मला."

"मग हातोडीलाही दिसू दे."

त्या दिवशीचा विळा भलतीकडेच वळला. विळा वाकडाच असतो, असं बुवा गिऱ्हाइकाला पटवत होते. बायकोने तो काढून घेतला आणि परत भट्टीत घातला.

"गिऱ्हाईकदादा, उद्या या," ती म्हणाली. "आमचे हे अजून शिकाऊ आहेत."