मानेतली तार

आमच्या यजमानांना मी उभ्या आयुष्यात तीनदाच खोटं बोलताना ऐकलं. तिन्ही वेळा एकाच माणसापुढं आणि एकाच गोष्टीवरून. एरवी इतका खरा माणूस की दूधवाला चुकून जास्त माप घालून गेला तर हे लोटा घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत त्याच्यामागं जायचे. मी म्हणायची, अहो, दुधात पाणी घालतो तो, त्याचं पाणीच परत करताय तुम्ही!

संताजीराव त्यांचं नाव. आमचे पूर्वज म्हणे घोड्यावर बसून या कानडी मुलखात आले. आमच्यापर्यंत काही घोडा पोचला नाही. यांच्या वाट्याला आली ती दंडूतल्या एका दुकानातली नोकरी. कॅन्टोन्मेंटला आम्ही पेटेतली, म्हणजे जुन्या गावातली, माणसं दंडूच म्हणतो. दुकान शवपेट्यांचं. पुढच्या बाजूला पेट्या आणि मागच्या खोलीत फुलं. हे मागच्या खोलीत बसून मयतावर ठेवायची पुष्पचक्रं बांधायचे. नेहरू गेले त्या साली तर सगळ्या कचेऱ्यांना चक्रं हवी होती. जेवायलासुद्धा घरी आले नाहीत, इतकं काम.

चक्र बांधायची एक रीत असते. बांबूच्या कड्यावर ओलं शेवाळ बांधायचं, त्यावर हिरवा पाला, आणि मग फुलं. पण फूल नुसतं खोचलं तर दुपारपर्यंत मान टाकतं. म्हणून पाकळ्यांच्या खाली जी हिरवी वाटी असते ना, तिच्यातून बारीक तार आरपार घालायची आणि देठाला पीळ द्यायचा. यांचा हात इतका बसला होता की गप्पा मारत, बघितल्याशिवाय करायचे. शर्टाच्या खिशात तारेचे तुकडे कायमचेच. धुताना माझ्या बोटात घुसायचे आणि मी अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असं ओरडायची.

या कामाची त्यांना लाज होती. लाज म्हणजे किती! लग्नाकार्यात कोणी विचारलं, कुठं असता कामाला, की म्हणायचे, "दंडूत, एका दुकानात," आणि पान आणायच्या निमित्तानं उठून जायचे. आमचे नातेवाईकही काही कमी नव्हते. यांच्या हातचा प्रसाद घेताना एकेकाची बोटं आखडायची, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

घरी आले की आधी नळावर अंघोळ. मग शिकेकाईनं हात घासायचे, कोपरापर्यंत. आणि मगच परसात जायचे. परसात त्यांचे गुलाब होते, रॉकेलच्या डब्यांत लावलेले. फावल्या वेळाचा नाद म्हणा, वेड म्हणा. दिवसभर मेलेल्यांसाठी फुलं बांधून आलेला माणूस संध्याकाळी एकेका कळीजवळ उकिडवा बसून राहायचा. एक काळसर लाल गुलाब होता, बशीएवढा फुलायचा. शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावून जायच्या.

आणि माझ्या केसांत काय? बाजारातलं कनकांबर, म्हणजे आपली अबोली! इतके गुलाब दारात, पण मला एक माळू देतील तर शपथ. म्हणायचे, "नको गोजरा. या हातचं फूल बाईमाणसानं माळू नये." मी चिडायची, भांडायची. पण त्यांचा चेहरा असा व्हायचा की पुढं बोलवायचं नाही.

बसवनगुडीत भीमाचार्य म्हणून एक निवृत्त हेडमास्तर होते. धारवाडकडचे, आमच्याशी मराठीत बोलायचे. त्यांच्या अंगणात गुलाबवाल्यांचं एक मंडळ जमायचं. महिन्यातून एका रविवारी, आणि येताना जोडीनं यायचं. कोणीतरी यांचा तो लाल गुलाब पाहिला आणि बोलावणं आलं. यांनी कोटाला इस्त्री केली, दाखवायला तो गुलाब बरोबर घेतला. मला म्हणाले, "तिथं मोठी मोठी माणसं असतात गं." मी म्हटलं, असू देत की, ती काय गुलाब खातात?

त्या मंडळाची एक पद्धत होती. नव्या माणसानं उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या. नाव, काम, आणि फावल्या वेळात काय करता. त्याच्या आधी जुनी माणसं आपापलं सांगायची, म्हणजे नव्याला संकोच नको. एक डॉक्टर होते, ते आपलं सांगून झाल्यावर म्हणाले की दवाखान्यापेक्षा कुंड्यांतले रोगी जास्त ऐकतात. सगळे हसले. मिस कॉर्नेलियस नावाची एक म्हातारी नर्सबाई होती, पांढरे केस, ताठ पाठ. तिनं सांगितलं, चाळीस वर्षं माणसं निजवली, आता फुलं उठवते. मला ती बाई फार आवडली.

मग हे उभे राहिले. नाव सांगितलं. पुढं थांबले. मला वाटलं, आता सांगतील. म्हणाले, "बँकेत कारकून आहे." आणि खाली बसले. फावल्या वेळाचं सांगायचंच विसरले.

मी पदर तोंडाशी धरला. जटक्यात, म्हणजे टांग्यात, बसल्यावर मी फुटलेच. "अहो, बँकेत? कुठल्या बँकेत? उद्या कोणी खातं काढायला आलं म्हणजे?" तर म्हणाले, "गोजरा, त्या लोकांनी माझं फूल हातात घेऊन नाकाला लावलं. काम सांगितलं असतं तर लावलं असतं का?" मी नुसतीच फणकारत बसले.

पण खरं सांगते, त्या रविवारांनी माणूस बदलला. आरशात बघून भांग पाडायला लागला. डॉक्टर यांना विचारायचे, पानांवर काळे ठिपके पडलेत, काय करू? आणि हे सांगायचे. घरी येऊन मला तेच सगळं पुन्हा सांगायचे. जगात यांना कोणी 'या, बसा' म्हणायचं ते त्या एका अंगणात. ते अंगण सुटू नये म्हणून ते बँकेला चिकटून राहिले.

पुढच्या जानेवारीत मंडळाची स्पर्धा झाली, एका शाळेच्या हॉलमध्ये. नियम साधा. फूल झाडावर जसं आलं तसं बाटलीत उभं करायचं. काडी नाही, दोरा नाही, तार नाही. यांचा लाल गुलाब त्या सकाळी असा उमलला होता की मीच दृष्ट काढली. फक्त मान जरा झुकत होती. घरी ओसरीवर बसून हे फूल बाटलीत लावत होते आणि माझ्याशी बोलत होते, कोट कुठाय, जटका आला का. मी वेणी घालत होते. मी काही पाहिलं नाही. त्यांनीही पाहिलं नाही. हातानं आपलं काम करून टाकलं.

हॉलमध्ये सगळे यांच्याच बाटलीभोवती. मिस कॉर्नेलियस परीक्षक. तिनं फूल उचललं, अंगठा हिरव्या वाटीखाली नेला आणि थांबली. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग काही न बोलता बाटली भीमाचार्यांपुढं ठेवली. देठाला तारेचा पीळ होता. इतका सुबक की शोधल्याशिवाय दिसू नये.

यांनी ते पाहिलं आणि चेहऱ्यावरचं रक्तच गेलं. मला कळलं की यांना आत्ता कळतंय.

"संताजीराव, हे काय?" भीमाचार्यांनी हळू विचारलं.

बोला ना, मी मनात म्हणत होते. सांगा, माझं कामच हे, हाताला सवय आहे, चुकून झालं. एका वाक्यात सुटला असता माणूस. हे जमिनीकडं बघत उभे. मग म्हणाले, "चूक झाली. बक्षिसासाठी केलं."

बक्षिसासाठी! अय्यो देवा! मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक एकेक पाऊल मागं सरकले. डॉक्टरांनी दुसरीकडं तोंड फिरवलं. मंडळातून नाव गेलं. घरी येईपर्यंत मी एक अक्षर बोलले नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते आमच्या गल्लीत कोणालाही विचारा.

श्रावणात मिस कॉर्नेलियस गेली. मंडळानं पुष्पचक्र सांगितलं ते नेमकं यांच्याच दुकानात. मालकानं यांनाच बांधायला दिलं. त्या दिवशी हे भल्या पहाटे परसात गेले आणि सगळे गुलाब कापून नेले. एक कळी ठेवली नाही. पोचवणारा माणूस तापानं पडला होता, म्हणून चक्र नेणंही यांच्यावरच आलं. जटक्यात ते उभं धरायला दुसरं माणूस हवं, म्हणून मी गेले.

दफनभूमीच्या फाटकातच भीमाचार्य उभे. मागं सगळं मंडळ. यांच्या दोन्ही हातांत ते एवढं मोठं चक्र.

"संताजीराव, तुम्ही?"

आणि हा माणूस काय म्हणाला असेल? "बँकेतून थेट आलो."

हातात चक्र, नखांत शेवाळ, आणि बँकेतून आले! मला वाटलं, धरणी फाटावी आणि आम्हां दोघांना चक्रासकट पोटात घ्यावं. भीमाचार्यांनी चक्राकडं बघितलं, यांच्याकडं बघितलं. "सरी, ठीक आहे," म्हणाले, "बरं झालं. कोणीतरी आणायला हवंच होतं."

पेटी खाली सोडायच्या आधी चक्र वर ठेवलं. ठेवताना कोणाचा तरी कोपर लागला आणि मधला मोठा गुलाब निसटून लोंबायला लागला. पाद्री थांबला. डॉक्टरांनी फूल आत दाबलं, ते पुन्हा बाहेर आलं. सगळे नुसते बघताहेत. तेवढ्यात यांचा हात खिशात गेला. पुढं झाले, तार काढली, वाटीतून घातली, पीळ दिला. डोळा मिटून उघडेपर्यंत गुलाब जागच्या जागी.

मग हे वळले आणि सगळ्यांचे डोळे आपल्या हातांवर आहेत हे त्यांना दिसलं.

प्रार्थना झाली, माती पडली. बाहेर आल्यावर भीमाचार्य यांच्यापाशी आले. मंडळात विचारायचे तसंच विचारलं, फार हळू. "संताजीराव, काम?"

"हेच," हे म्हणाले.

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही? आम्ही तुम्हाला लबाड म्हटलं!"

"लबाड म्हटलेलं चाललं, आचार्य. मयताची फुलं करणारा म्हटलं असतं, तर माझं फूल पुन्हा कोणी नाकाला लावलं असतं?"

भीमाचार्य चांगले गृहस्थ. 'छे छे, असं कसं' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. डॉक्टर बुटांकडं बघायला लागले. खोटं कोणालाच बोलवेना. इतके दिवस यांची एकट्याची असलेली लाज त्या फाटकाशी सगळ्यांना थोडी थोडी वाटली गेली. पण त्यानं यांची काही कमी झाली नाही. जटक्यात हे तोंड झाकून रडले आणि मी गाडीवाल्यावर ओरडत राहिले, नीट हाक म्हणून.

काही आठवड्यांनी त्या लाल झाडाला पुन्हा एक फूल आलं. मी न्हाऊन आले होते, केस मोकळे. म्हटलं, "आणा ते इकडं. मला माळायचंय."

"गोजरा, या हातचं..."

"याच हातचं. चला, आणा म्हणते ना!"

त्यांनी फूल कापलं. माझ्यामागं येऊन उभे राहिले, पण फूल काही केसांत येईना. मी मान वळवून बघितलं. फुलात तार गेली होती, देठाला पीळ बसला होता, आणि हे आत्ता कुठं हातातल्या फुलाकडं बघत होते. नखानं पीळ उकलायला लागले.

मी म्हटलं, "राहू द्या ती तार. घट्ट बसेल."